वेल्समधलं दगडी घर: आधी घर वाचा, मग ओल काढा

प्रश्न असा आहे. उत्तर वेल्समधल्या ग्विनेद परगण्यात, एररीच्या (म्हणजे स्नोडोनियाच्या) डोंगरांत एक दुमजली दगडी घर घ्यायचं ठरलं आहे. संरक्षित इमारतींच्या यादीत ते ग्रेड 2 मध्ये आहे आणि नोंदीत ‘सतरावं शतक, नंतर बदल’ एवढंच लिहिलंय. बाहेरून सिमेंटचा गिलावा, तळमजल्यावर मीटरभर उंचीपर्यंत ओल, दोन खिडक्या प्लास्टिकच्या. पाहणीच्या अहवालात भिंतींना रसायनाचं इंजेक्शन आणि आतून जलरोधक प्लास्टर सुचवलंय. हे घर नेमकं कुठल्या जातीचं, आणि सुचवलेलं काम करावं का?

इंजेक्शनचं आधी सांगतो, कारण तिथेच पैसे भरायची घाई होते. ते करू नका. विटांच्या भिंतीत निदान एक सलग आडवी दर्ज (दोन थरांमधला चुन्या-सिमेंटचा सांधा) मिळते आणि तिच्यातून रसायन पसरू शकतं. तुमची भिंत तशी नाही. ती 60 ते 90 सेंटिमीटर जाड असते: बाहेर दगडांचा एक पदर, आत दुसरा, आणि मधे माती, चिपा आणि पोकळ्या. दगड ओबडधोबड, दर्जा कुठेच एका रेषेत नाहीत. अशा भिंतीत टोचलेलं रसायन एखाद्या पोकळीतून खाली गळून जातं, शेजारच्या दगडाला लागतही नाही. वर जलरोधक प्लास्टर झालं की भिंतीला खोलीकडे वाळायची वाट उरत नाही. बाहेरची वाट सिमेंटने आधीच अडवलेली आहे. मग दोन कवचांच्या मधे ओल वर चढत जाते आणि प्लास्टर जिथे संपतं तिथे फुटते. बहुतेक घरांत ती जागा तुळयांच्या टोकांजवळ येते. चारशे वर्षं टिकलेली ओकची तुळई कुजते ती अशी.

पाऊस या भिंतीत शिरणारच. भिजायचं आणि वाळायचं, हे धरूनच ती बांधलेली आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिच्या वाळायच्या वाटा एकेक करून बंद झाल्या, ओल त्यामुळे साठली. त्या वाटा मोकळ्या करणं हेच मुख्य काम. पण कुठला थर मूळचा आणि कुठला नंतर चढवलेला हे कळल्याशिवाय छिन्नी उचलायची नाही, म्हणून आधी घर वाचायचं.

तुमच्या वर्णनावरून हे बहुधा ‘एररी घर’ असावं. जुन्या लेखनात त्याला ‘स्नोडोनियन हाउस’ म्हणतात. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून या डोंगरांत सधन शेतकरी आणि लहान जमीनदार अशी घरं बांधू लागले. त्याआधीचं घर म्हणजे छपरापर्यंत उघडं असलेलं एक मोठं दालन, मधे जमिनीवर धुनी, धूर छपरातून बाहेर. नव्या घरात धूर दगडी धुराड्यात गेला आणि त्यामुळेच डोक्यावर माळा घालता आला. हा बदल त्या काळी फार मोठा होता. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात ‘अ गारेग वाउर’ नावाचं असं एक घर वाइनवाउर गावातून दगड न् दगड उचलून पुन्हा उभं केलंय. ते 1544 चं आहे. पेनमाख्नोजवळचं ‘टी माउर विबरनंट’ हे याच जातीचं दुसरं घर. 1588 मध्ये बायबलचं वेल्श भाषांतर छापून आणणाऱ्या बिशप विल्यम मॉर्गन यांचं ते जन्मस्थान म्हणून ओळखलं जातं. पैसे गुंतवण्याआधी ही दोन्ही घरं टॉर्च घेऊन पाहून या. तुमच्या घरात काय शोधायचं ते तिथे उघड दिसतं. (‘माउर’ आणि ‘वाउर’ एकच शब्द, अर्थ ‘मोठा’. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं, त्यामुळे जुने नकाशे चाळताना एकच नाव दोन रूपांत सापडलं तर गोंधळू नका.)

आता आत शिरा. मूळ आराखडा साधा लांबट चौकोन असतो आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर एकेक धुराडं. लांब बाजूंना बरोबर समोरासमोर दोन दारं असतात, किंवा एक दार आणि त्याच्यासमोर बुजवलेल्या दाराची खूण. त्या दोन दारांमधून आरपार बोळ जातो. बोळाच्या एका अंगाला मोठं दालन, दुसऱ्या अंगाला दोन छोट्या खोल्या, एक दूधदुभत्याची आणि एक साठवणीची. मधली आडभिंत दगडी नसते. ओकचे उभे खांब, त्यांना खाचा आणि खाचांत बसवलेल्या जाड फळ्या अशी ती असते. घरातली ही सगळ्यात मोलाची सुतारी. अनेक घरांत ती जिप्समच्या पातळ पत्र्यांमागे दडलेली सापडते, म्हणून ‘साधी पार्टिशन आहे, काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर आधी एक कोपरा उघडून बघा.

मोठ्या दालनाच्या टोकाला ‘सिम्दे वाउर’, म्हणजे मोठं धुराडं. त्याच्या तोंडावर ओकची एकच अजस्र तुळई असते. चुलीच्या बाजूला भिंतीच्या जाडीतच गोल वळत जाणारा जिना असतो, दगडी किंवा लाकडी. तो बहुतेक वेळा बुजवून कपाट केलेलं असतं. चुलीशेजारी अकारण खोल कपाट दिसलं तर आत हात घालून भिंत वळते का ते चाचपा. बाहेरून त्याच जागी एक टीचभर खिडकी असेल तर शंकाच नको, ती जिन्याच्या उजेडासाठी होती. वरच्या मजल्यावर छपराच्या कैच्या (छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटी) उघड्या असायच्या आणि त्या खोलीला दुसऱ्या टोकाच्या भिंतीत वेगळी चूल. घराची प्रतिष्ठेची खोली हीच.

काळ ओळखायला तुळया उपयोगी पडतात. खालच्या कडा तासून तिरप्या केलेल्या असतात आणि भिंतीपाशी ती तिरपी कड एका आकारात थांबते. हा थांबा दोन्ही टोकांना पूर्ण दिसत असेल तर तुळई मूळ जागी आहे. एका टोकाला तो भिंतीत किंवा आडभिंतीत घुसला असेल, तर भिंत नंतरची किंवा तुळई दुसरीकडून आणलेली. मग माळ्यावर जा. कैच्यांवर काजळीचा जुना, चकाकणारा थर असेल तर थांबा. तुमचं घर कदाचित सतराव्या शतकाचं नाहीच. धुनीच्या काळातलं उघडं दालन असावं आणि मजला, धुराडं नंतर घातलेलं असावं. ती काजळी धुऊ नका, घासू नका, तिच्यावर रसायन फवारू नका. नक्की साल हवं असेल तर वृक्षवलयांवरून मिळतं: ओकमधून पेन्सिलीएवढ्या जाडीचे नमुने काढून वलयं मोजतात. सालीलगतचं बाहेरचं लाकूड शिल्लक असेल तर झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं इथवर कळतं, आणि ओक ओला असतानाच वापरत, त्यामुळे बांधकामाचं साल त्याच्या एक-दोन वर्षांत येतं. यासाठीही परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या.

बाहेरून पाहताना उभ्या सरळ सांध्या शोधा. दगडी कामात दगड एकमेकांत गुंफलेले असतात. जिथे वरपासून खालपर्यंत सरळ रेघ दिसते तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालं. कॉनवी शहरातलं ‘प्लास माउर’ बघितलं की टप्प्याटप्प्याने वाढलेलं घर म्हणजे काय ते समजतं. रॉबर्ट विन यांनी 1576 मध्ये उत्तरेकडचा भाग सुरू केला, 1580 च्या सुमारास मधला आणि दक्षिणेकडचा, आणि 1585 मध्ये रस्त्याकडची देवडी. 1598 मध्ये ते वारले आणि मृत्युपत्रावरून वारसांचा तंटा अनेक वर्षं चालला. त्या काळात कुणालाच घराची फेररचना करता आली नाही, म्हणून एलिझाबेथच्या काळातलं घर जवळजवळ जसंच्या तसं उरलं. तिथला चुन्याचा नक्षीदार गिलावा आजही जागेवर आहे. तुमचं घर इतकं भारी नसेल. मोठ्या उभ्या सरकत्या खिडक्या, सपाट प्लास्टर, मागची पडवीसारखी खोली हे सगळं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आलं असेल. पण तेही घराच्या इतिहासातच मोडतं. ‘मूळ रूपात आणतो’ म्हणून त्या काळातली (जॉर्जियन) खिडकी काढायला परवानगी मिळणार नाही, आणि मिळूही नये.

कागदपत्रांसाठी तीन ठिकाणं पुरतात. काडू ही वेल्स सरकारची वारसा संस्था. तिच्या ‘कोव्ह कम्री’ नकाशावर यादीतली नोंद मिळते. ॲबरिस्टविथच्या रॉयल कमिशनच्या ‘कोव्लाइन’ संग्रहात जुने फोटो आणि मोजणी असू शकते. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 1840 च्या आसपासचे दशांश-कराचे नकाशे ऑनलाइन ठेवलेत. त्यांवर तुमच्या घराचा तेव्हाचा आकार दिसेल.

आता ओल. एररीच्या उंच भागात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाबळेश्वरचा आकडा याहून बराच मोठा, पण तिथला पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे भिंती वाळायला आठ महिने मिळतात. इथे पाऊस बारा महिने, वाऱ्याबरोबर आडवा, आणि हवाही गार. त्यामुळे कोकणातली किंवा घाटावरची अटकळ इथे लावू नका. भिंत वाळायचा वेग फार कमी असतो.

‘जमिनीतून चढणारी ओल’ असं अहवालात सर्रास लिहितात. ते बहुतेक वेळा विद्युत मीटर भिंतीला टेकवून ठरवलेलं असतं. तो मीटर लाकडासाठी बनवलेला आहे. भिंतीत मीठ असलं, जुन्या चुलीची काजळी असली तरी तो लाल दाखवतो. खरा आकडा हवा असेल तर भिंतीत वेगवेगळ्या खोलीवर छिद्र पाडून निघालेला भुगा कार्बाइड चाचणीने तपासतात किंवा भट्टीत वाळवून तोलतात. पृष्ठभाग ओला पण आत कोरडं असेल तर ते थंड भिंतीवर साचलेलं घरातल्या वाफेचं पाणी. आत जास्त ओलं असेल तर पाणी बाहेरून येतंय.

बाहेरून येणारं पाणी शोधायचा क्रम वरून खाली. धो-धो पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा. पन्हळीचा सांधा कुठे गळतो, उभा पाइप कुठे तुंबून मागच्या भिंतीवर पाणी सोडतो, हे कोरड्या दिवशी कधीच कळत नाही. मग धुराडं. जुन्या धुराड्यांवर छपराच्या जरा वर बाहेर आलेले चपटे दगड असतात. पाणी भिंत आणि छपराच्या सांध्यापासून दूर टाकायला ते ठेवलेले. नंतरच्या कुणीतरी त्यांच्याखाली सिमेंटची तिरपी पट्टी भरलेली असते. ती तडकते, फटीत पाणी शिरतं आणि धुराड्याच्या पोटातून खाली दालनात उतरतं. तिथे शिशाचे पत्रे घाला. एक तुकडा दीड मीटरहून लांब नको, नाहीतर उन्हा-थंडीत ताणून फाटतो. वापरात नसलेलं धुराडं वरून टोपी घालून आणि खालून जाळी ठेवून हवेशीर ठेवा. पूर्ण बुजवलं तर आतली काजळी ओल धरते आणि वरच्या खोलीच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. कितीही रंग मारला तरी ते परत येतात.

छप्पर स्लेटचं असेल. पाटीचा दगड या भागाचाच. वायव्य वेल्सच्या स्लेट-खाणींचा प्रदेश 2021 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पेनरिनची स्लेट जांभळट, ब्लायनाय फेस्टिन्योगची निळसर करडी. मापांना नावं आहेत: काउंटेस म्हणजे 20 बाय 10 इंच, डचेस 24 बाय 12. जुन्या छपरात खाली मोठ्या पाट्या आणि आढ्याकडे लहान होत गेलेल्या दिसल्या तर ती रचना तशीच परत लावायची. पाट्या घसरत असतील तर दगड बहुधा चांगला असतो, गंजलेले असतात लोखंडी खिळे. प्रत्येक पाटी बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत वाजली तर वापरा, बद्द वाजली तर बाजूला. तांब्याचे खिळे, एकावर एक किमान 75 मिलिमीटर आच्छादन, उघड्या माऱ्यावर 100. कमी पडतील त्या पाट्या त्याच खाणपट्ट्याच्या जुन्या घ्या. स्वस्त आयात स्लेटमध्ये लोहमाक्षिकाचे कण असू शकतात, आणि ते गंजून छपरावर लाल ओघळ येतात.

खाली जमिनीकडे या. शंभर-दोनशे वर्षांत अंगणाची पातळी वाढत जाते: माती, खडी, काँक्रीटचा पट्टा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान 150 मिलिमीटर खाली हवी. पुष्कळ घरांत नुसतं एवढं केलं की वर्षभरात निम्मी ओल उतरते. पण खणताना सांभाळा. या घरांना पाया असा फारसा नसतोच. मोठे दगड जमिनीत थोडेसे रुतवून त्यांवरच भिंत उभी असते. भिंतीलगत खोल चर खणला तर ती खचेल. चर भिंतीपासून थोडा दूर आणि पायाच्या दगडांच्या तळापेक्षा वरच ठेवा, आणि चरातलं पाणी वाहून जायला उतार आणि मोकळं तोंड द्या. तोंड नसलेला, खडी भरलेला चर म्हणजे भिंतीच्या पायाशी बांधलेला हौद.

मग सिमेंट. वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या बाजूवर एक चौरस मीटर निवडा, छिन्नी-हातोडीने काढून पाहा. गिलावा पोकळ वाजत असेल तर तावासारखा सुटतो. तो निघताना दगडाचा पृष्ठभाग सोलत असेल तर तिथे थांबा. काही भाग तसाच राहू देणं कमी वाईट. ग्राइंडर नको, त्याच्या रेघा दगडावर कायम राहतात. काढल्यावर आत काय मिळतं ते नीट पाहा. एररीचा दगड ज्वालामुखीचा आणि स्लेटचा, चुनखडी इथे नाही. चुना मॉनच्या (म्हणजे अँगलसीच्या) बेटावरून किंवा कॉनवीकडच्या किनाऱ्यावरून आणावा लागे. म्हणून भिंतीच्या पोटात बहुतेक माती आणि बाहेरच्या दर्जेत तेवढा चुना असतो. ही माती पावसाने धुपली तर पोट रिकामं होतं. एका वेळी संपूर्ण भिंत उघडी टाकू नका, पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छत्र देऊन टप्प्याटप्प्याने जा.

दर्जा भरायला उघड्या माऱ्याच्या बाजूला एनएचएल 3.5 प्रतीचा, पाण्यातही घट्ट होणारा चुना 1 भाग आणि तीक्ष्ण, धुतलेली, बारीक-जाड मिश्र वाळू अडीच ते तीन भाग. वाळूचे कण 5 मिलिमीटरपर्यंत असावेत. गुळगुळीत बारीक वाळूने माल आकसून तडे जातात. मोजमाप बादलीने करा, फावड्याने नको, फावड्याचा अंदाज दर वेळी बदलतो. एनएचएल 5 ‘जास्त मजबूत’ म्हणून सुचवतील. या भिंतीला ती मजबुती नको आहे. दर्ज दगडापेक्षा मऊ असली तर पाणी आणि मीठ दर्जेतून बाहेर पडतं, दगड वाचतो. आतल्या आणि आडोशाच्या कामाला मुरवलेला कळीचा चुना किंवा चुनकळी आणि वाळू एकत्र विरवून केलेला माल, 1 ला 3. वाड्यांच्या कामाला घाण्यात मळलेला चुना ज्यांनी पाहिलाय त्यांना तो हातात घेतल्याबरोबर ओळखू येईल: लोण्यासारखा, थापीला चिकटून राहणारा.

दर्ज रुंदीच्या दुप्पट, किमान 25 मिलिमीटर खोल खरवडा. भिंत आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा काम सुरू करताना भिजवा. कोरडा दगड मालातलं पाणी शोषून घेतो आणि चुना नुसती पूड होऊन राहतो. मोठ्या फटीत नुसता माल कोंबू नका, दगडाच्या चिपा ठोकून बसवा, मग माल भरा. बोट दाबलं तर ठसा उमटत नाही पण नख लागतं, अशा वेळी ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग घट्ट आणि खरबरीत करा. मग ओलं गोणपाट टाकून किमान आठवडाभर ओलसर ठेवा. चुन्याच्या कामात बिघाड होतो तो बहुतेक इथेच. काम उत्तम होतं आणि वाऱ्यात दोन दिवसांत सुकून जातं. तापमान 5 अंशांखाली जायची शक्यता असेल तर बाहेर चुना लावायचाच नाही. एररीत याचा अर्थ एप्रिल अखेर ते सप्टेंबर एवढाच हंगाम.

दर्जा भरल्यावर भिंत उघडी ठेवायची की गिलावा करायचा? नुसता दगड उघडा ठेवणं आज लोकांना आवडतं, पण पावसाच्या तोंडाला असलेल्या भिंतीवर मी तरी चुन्याचा गिलावाच सांगेन. दगडांच्या खाचांत जुन्या सफेदीचे थर सापडले तर मूळ घरही झाकलेलं होतं याचा तो पुरावा, आणि परवानगीच्या अर्जात तो फोटोसकट जोडा. वर चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ, चार-पाच हात. जाड एक हात दिला तर पापुद्रे सुटतात. प्लास्टिक इमल्शन मुळीच नको. सफेदी म्हणजे पांढरीच असंही नाही. सेंट फॅगन्समधलं गाउअर भागातलं केनिक्स्टन घर तांबडंभडक आहे.

घरात जिप्समचं प्लास्टर, फेसाळ पॅनेलं आणि विनाइल रंग ओल्या भिंतीवरून काढा, भिंत वर्षभर तरी मोकळी ठेवा, मग चुन्याचा गिलावा. वाळण्याचा ढोबळ हिशेब महिन्याला इंचभर जाडी. 75 सेंटिमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी वर्षाहून जास्त लागतं, ओला उन्हाळा गेला तर आणखी. भिंतीवर पांढरं मीठ फुलेल. ते कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलं तर विरघळून परत आत जातं.

काँक्रीटची जमीन ओल भिंतींकडे ढकलते. ती काढायची तर खाली 150 मिलिमीटर फेसकाचेची (बुडबुडे भरलेल्या हलक्या काचेची) खडी, वर कापडी थर, मग 100 मिलिमीटर चुन्याचं काँक्रीट आणि वर जुन्या स्लेटच्या लाद्या. लाद्या उचलण्याआधी प्रत्येकीवर खडूने क्रमांक घाला, फोटो काढा. भिंतीच्या तळाच्या खाली खणायचं नाही, हा नियम इथेही तोच.

तुळयांची टोकं बारीक ड्रिलने तपासा: भुसा फिका आणि कोरडा निघाला तर लाकूड निरोगी, काळा आणि मऊ निघाला तर कुजलेलं. लाकडातली ओल 20 टक्क्यांखाली राहिली तर बुरशी आपोआप थांबते. ओकमधला लाकूड पोखरणारा डेथवॉच भुंगा मुख्यतः ओल्या टोकांत वाढतो. सगळ्या घरभर फवारणी करून घेण्यात अर्थ नाही. टोकाचं कुजलेलं तेवढं कापून नव्या ओकचा जोड तिरप्या सांध्याने आणि स्टेनलेस बोल्टने बसवता येतो. नव्वद टक्के तुळई मूळची राहते.

खिडक्यांचं थोडक्यात. सरकत्या लाकडी खिडक्यांचा खालचा आडवा भाग कुजतो. तेवढाच कापून जोड द्या, जवसाच्या तेलाची पुट्टी, फटींना ब्रशची पट्टी, आणि आतून दुसरी काच. प्लास्टिकच्या दोन खिडक्या आधीच्या मालकाने परवानगीने बसवल्या का हे खरेदीपूर्वी वकिलाकडून लेखी तपासा. विनापरवाना बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो उलटवण्याची नोटीस नव्या मालकालाही येऊ शकते. तिला कालमर्यादा नाही.

परवानगीचं नीट समजून घ्या. 4 नोव्हेंबर 2024 पासून वेल्सचा स्वतःचा 2023 चा ऐतिहासिक वारसा कायदा लागू आहे, इंग्लंडची पुस्तिका वाचून चालणार नाही. यादीत घर काडू घालते, पण संमती स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडून मिळते. घर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असेल तर उद्यानाच्या प्राधिकरणाकडून. संरक्षण फक्त दर्शनी बाजूला असतं हा समज चुकीचा. आतला जिना, आडभिंत, गिलावा, चूल, सगळं त्यात येतं, आणि 1 जुलै 1948 च्या आधीपासून आवारात असलेला गोठा किंवा गडगाही. संमतीच्या अर्जाला वेल्समध्ये शुल्क नाही. निर्णयाची मुदत 8 आठवडे, प्रत्यक्षात जास्त धरा. अर्जासोबत वारसा-परिणाम निवेदन द्यावं लागतं: काय महत्त्वाचं आहे, तुम्ही काय करणार, त्याने काय बदलेल. घर वाचताना काढलेले फोटो आणि टिपणं इथे कामी येतात. तशाच मालाने तशीच किरकोळ दुरुस्ती सहसा संमतीशिवाय चालते, पण सिमेंट काढून चुना लावणं ही ‘तशीच’ दुरुस्ती ठरत नाही, म्हणून वारसा अधिकाऱ्याचं उत्तर ईमेलवर घ्या. छपराला हात लावण्याआधी वटवाघळांची पाहणी लागते, उडण्याची मोजणी मे ते सप्टेंबरातच होते. ती चुकली तर एक हंगाम हातचा जातो. आणि मंजूर बदलांवरची व्हॅट माफी 2012 मध्येच बंद झाली. 20 टक्के धरून हिशेब करा. घर दोन वर्षं किंवा जास्त रिकामं असेल तर 5 टक्क्यांचा दर मिळू शकतो, त्याचा पुरावा कामाआधी गोळा करा.

पहिल्या वर्षी पन्हळी, धुराड्यांचे सांधे, बाहेरची जमीन आणि वटवाघळांची पाहणी एवढंच. त्याच हिवाळ्यात प्रत्येक ओल्या जागी भिंतीत लाकडी खुंटी बसवा आणि दर महिन्याला तिच्यातली ओल मीटरने मोजून लिहा. लाकडावर हा मीटर खरं बोलतो. दुसऱ्या वर्षी संमती घेऊन एप्रिल अखेर सिमेंट काढायला सुरुवात, सप्टेंबरआधी दर्जा पूर्ण. गिलावा आणि आतलं काम तिसऱ्या उन्हाळ्यात. तोवर घर मंद पण सतत गरम ठेवा, न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात ओलाव्यावर चालणारे पंखे लावा. तिसऱ्या वर्षीही एखाद्या खुंटीचा आकडा उतरत नसेल तर तिच्या नेमक्या वर काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा ते धुराडंच निघतं.